हिवराखाली मी बसवलेला मारोती

त्या वैशाखात माझ्यापुढे अडचण एकच होती. माझ्याच हातानं बसवलेला देव माझ्या वाटेत आला होता, आणि तो उठायला तयार नव्हता.

मी कोणाच्या पुण्याईवर वर आलेला माणूस नाही. लहानपणी तिगावच्या स्टेशनावर पॅसेंजर थांबली की डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन खिडकीखिडकीनं पळत होतो. गाडी दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात भाव सांगायचा, थोडं खाली यायचं, समोरचा हसला की पुन्हा वर जायचं आणि गाडी हलायच्या आत टोपली रिकामी करायची. पुढे झाडावरची फळं विकत घेऊन बाहेरच्या व्यापाऱ्यांना देऊ लागलो आणि एक दिवस पांढुर्ण्याबाहेर बरडावर स्वतःचं वावर घेतलं. लोक हसले. बरडावर कुसळं उगवतात, संत्रं नाही, म्हणाले. मी विहीर खोदली, तलावाचा गाळ आणून पसरला आणि संत्रं लावून दाखवलं. स्वभाव मात्र स्टेशनावरचाच राहिला. राग नाकावर, आणि समोरचा आपल्याला फसवणारच ही खात्री मनात पक्की. देवालाही मी त्याच मापानं मोजत होतो. नवस म्हणजे सौदा, आणि सौदा म्हणजे आपण कमी देऊन जास्त घेणं.

माझ्या वावराला लागून, उताराच्या बाजूला, देवरावचं वावर आहे. देवराव सावरगावचा. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये फक्त जाम नदी आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटे कसे चालतात हे आमच्याकडच्या लेकरालाही ठाऊक असतं. तेव्हा भांडायला आम्हाला निराळं कारण लागत नव्हतं, पण तेही मिळालं. दोघांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी बारीक होत चालला होता. नांगरताना दर साली एकेक तास, म्हणजे नांगराची रेघ, आत सरकवून देवराव माझी जमीन खातो, असं मी धरून बसलो. मी पावलांनी धुरा मोजायचो, तो खालून ओरडायचा, मी वरून शिव्या द्यायचो. एकदोनदा तो पाण्याबद्दल काहीतरी सांगू पाहत होता, पण मी ऐकून घेतलं नाही. भांडणात दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे आपला भाव पाडणं, असं मला वाटायचं.

त्या धुऱ्याच्या मधोमध एक हिवर उभा होता. पांढुरक्या-पिवळट सालीचा, जोडीजोडीनं पांढरे काटे असलेला, कोणी न लावलेला आणि कोणी पाणी न घातलेला. हिवराला आमच्याकडे मान नाही. त्याच्या सावलीत भल्या माणसानं बसू नये, असं जुनी माणसं सांगत. एका उन्हाळ्यात देवराव म्हणाला की याच्या सावलीनं त्याची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दबते, तो हे झाड पाडणार. मला झाडाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण झाड गेलं म्हणजे धुऱ्याची शेवटची खूण गेली, मग हा माणूस माझ्या विहिरीपर्यंत नांगरत येईल, अशी भीती मला बसली.

तेव्हा मी जे केलं ते आज कबूल करतो. जाम नदीत उतरलो आणि एक गोटा निवडला. पांढुर्ण्याच्या माणसाला गोटा निवडायला शिकवावं लागत नाही, पण या खेपेला हातात मावणारा नको होता, मांडीवर घ्यावा लागेल असा हवा होता. हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, सगळे जेवणवेळेला घरी गेलेले पाहून, तो हिवराच्या बुंध्याशी ठेवला, तेलात शेंदूर कालवून फासला, वर लाल कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी चारचौघांना बोलावून सांगितलं की रात्री मारोती स्वप्नात आला आणि म्हणाला, मी हिवराखाली आहे. खरं तर त्या रात्री देवरावच्या रागानं मला झोपच लागली नव्हती, स्वप्न कुठून पडणार? पण लोकांनी नारळ फोडले. देवराव लांबून बघत राहिला आणि त्या दिवसापासून त्यानं झाडाचं नाव काढलं नाही. मी जिंकलो होतो.

त्याला एकोणीस वर्षं झाली. हळूहळू तो हिवऱ्या मारोती झाला. शनिवारी कोणी तेल घालायचं, लग्न ठरलं की कोणी अक्षता ठेवायचं, कोणाची म्हैस व्याली की चीक दाखवायला आणायचं. मी स्वतः वर्षातून एकदा, लोकांनी पाहावं म्हणून जायचो. देवरावशी बोलणं एकोणीस वर्षांत झालं नाही. त्याच्या घरावरून जाताना मी स्कूटरचा हॉर्न मात्र हटकून वाजवायचो.

मग अडचण उभी राहिली. माझा बगीचा वाढला. बाहेरच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की मोठा ट्रक थेट झाडांपर्यंत येत असेल तरच तो पावसाळ्यानंतर निघणारा अंबिया बहाराचा सगळा माल घेईल; डोक्यावरून क्रेट वाहून आणेपर्यंत त्याची गाडी थांबणार नाही. रस्ता पावसाच्या आत व्हायला हवा होता, कारण एकदा पाणी पडलं की त्या वाटेवर मुरूम टाकता येत नाही. आणि ट्रक वळायची जागा एकच होती. तिथं हिवर उभा होता, त्याच्या पायाशी मारोती.

मी जेसीबी बोलावला. ड्रायव्हर खाली उतरला, शेंदूर पाहिला आणि हात जोडून परत चढला. "शेठ, मशीन बिघडली म्हना, डिझेल सरलं म्हना, काईबी म्हना. मी या झाडाले हात लावत नाई." मग रामाकोना गावाहून दोन लाकूडतोडे आणले. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि तिसरी मारल्यावर माझ्या लक्षात आलं की हे प्रदक्षिणा घालून राहिलेत. माझं डोकं तापलं. मी ओरडलो, "अरे, काऊन भेता? थो देव नाई, गोटा हाय! मीच आणून ठेवला नदीतून. स्वप्नबिप्न सब खोटं होतं!"

त्यातल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग दुसऱ्याला म्हणाला, "पाह्य गा. देवानं याच्याच हातून सोताले बसवून घेतलं, अन् याले आजवर पत्ता नाई."

जन्मभर खोटं बोलून मी माल खपवला होता, आणि जन्मात पहिल्यांदा खरं बोललो तर गिऱ्हाईक मिळेना. घरी येऊन हे बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकर थापता थापता इतकी हसली की तवा उतरवून ठेवावा लागला. "तुमच्यासारख्याले मारोतीच भेटाले पायजे होता," ती म्हणाली. "आमच्यानं तं काई होत नाई."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कुऱ्हाड घेतली. ऊन लागू नये म्हणून बायकोनं रोजच्यासारखा माझ्या खिशात कांदा घातला होता, तो मी रागानं ओट्यावर ठेवून निघालो. न जेवता निघालो, डोक्याला दुपट्टाही बांधला नाही. रागावलेल्या माणसाला वाटतं की ऊनही त्याला भिऊन बाजूला होईल.

भर दुपार होती. आसपासच्या वावरांत माणूस नाही, पाखरू नाही. मी हिवराजवळ गेलो, कुऱ्हाड टेकवली आणि लाज वाटत असूनही सौदा सुरू केला, कारण दुसरं काही मला येतच नव्हतं. "पाच नारळ," मी म्हणालो. "तुले रस्त्याच्या कडेला नवीन ओटा बांधून देतो." मारोती गप्प. "अकरा नारळ. टाइल्सचं मंदिर, लोखंडी फाटक, घंटा. सारे गाडीवाले तुले हात जोडतील, इथं जंगलात कोण पुसते?" तरी गप्प. मी एकवीसवर गेलो, मग एक्कावन्नवर, मग दर शनिवारी तेल कबूल केलं. सौद्यात जो गप्प बसतो तो जिंकतो, हे मी स्टेशनावर शिकलो होतो. समोरचा गोटा माझ्याहून पक्का निघाला.

मी कुऱ्हाड उचलली. पहिला घाव असा परतून आला की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या घावानं सालीचा कपटा उडाला. तिसरा मारायला हात वर नेला आणि वरचं आभाळ पांढरं झालं. घाम अचानक थांबला होता, एवढं आठवतं. जीभ टाळूला चिकटली, पाय आपले राहिले नाहीत. मी पडलो तो नेमका त्या सावलीत, जिच्यात भल्या माणसानं बसू नये म्हणतात.

शुद्ध पूर्ण गेली नव्हती. गाल मातीला लागलेला, डोळे उघडे. हिवराची सावली दाट नसते, जाळीसारखी असते, तरी ती मातीला थंड ठेवून होती. माझ्या नाकासमोर गवत होतं. वैशाखात, बरडावर, वाळलेलं का होईना पण मुळासकट उभं गवत. मी तर माझ्या वावरात असं गवत कधी पाहिलं नव्हतं. त्यातून मुंग्या हिवराच्या शेंगेचं बी ओढत नेत होत्या. वर फांदीला सुगरणीचे जुने खोपे लोंबत होते. काट्यांच्या आत, कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी. आणि मग मला धुरा दिसला.

इतकी वर्षं मी तो धुरा उभ्यानं पाहिला होता, पावलांनी मोजला होता. जमिनीला गाल लावून पाहिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. हिवराच्या दोन्ही अंगांना, जिथवर त्याची मुळं गेली असतील तिथवर, धुरा जसा मी विकत घेताना होता तसाच रुंद आणि उंच होता. त्यापुढे मात्र तो खाली बसत गेला होता, आणि त्यात बोटभर, मग हातभर खोल चऱ्या पडल्या होत्या. नांगराचा तास धुऱ्याच्या लांबीनं जातो. या चऱ्या धुऱ्याला आडव्या कापून गेल्या होत्या, माझ्याकडून देवरावकडे, माझ्या संत्र्यांच्या ओळींच्या थेट समोर. ओळी मी उताराच्या दिशेनं लावल्या होत्या. दर पावसाळ्यात माझंच पाणी माझीच माती घेऊन धुरा फोडून खाली जात होतं. फक्त जिथं हा काटेरी, बेवारस हिवर पाय रोवून उभा होता, तिथं त्यानं तिला अडवून धरलं होतं. आणखी एक गोष्ट तिथं पडल्यापडल्या आठवली. त्याच्याजवळच्या माझ्या चार झाडांची फळं दरसाल सगळ्यात गोड निघत. मी ती क्रेटच्या वरच्या थरात लावून गिऱ्हाईक पटवायचो, पण तीच झाडं का, हे कधी विचारलं नव्हतं.

इतकं दिसलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मारोतीला म्हणालो, आता माझ्याजवळ द्यायला काही नाही. तोंडानं नाही, मनातच. आयुष्यातली माझी पहिली प्रार्थना, जिच्यात भाव नव्हता.

तेवढ्यात तोंडावर पाणी पडलं. कोणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि ओला दुपट्टा कपाळावर दाबला. फाटका, हिरव्या काठाचा दुपट्टा. मी तो शंभर पावलांवरून ओळखला असता, कारण एकोणीस वर्षं मी त्याच्याकडे पाहून थुंकत आलो होतो.

"बोलू नको," देवराव म्हणाला. "आंधी पानी पे. धीरे धीरे पे, लेका, ठसका लागंल."

त्यानं झाडामागच्या माठातून गडवा भरला. तो माठ तिथं आहे हेच मला माहीत नव्हतं. मी नेहमी पुढून यायचो, लोकांना दिसेल असा. रोज दुपारी देवराव नदीपलीकडच्या घरून जेवून येताना हापशीचं गार पाणी आणून तो माठ भरायचा. त्यानं आपल्या खिशातला कांदा गोट्यानं ठेचून माझ्या तळपायांना चोळला, मग कुऱ्हाडीकडे पाहिलं, सालीवरच्या दोन घावांकडे पाहिलं, आणि पुन्हा तळपाय चोळू लागला. ते मला सोसेना.

"देवराव," मी म्हणालो, "थो देव खोटा हाय. तुह्या नाकावर टिच्चून मीच ठेवला होता."

"मालूम हाय."

"कवापासून?"

"तू गोटा पोटाशी धरून आला नं, तवा मी पऱ्हाटीच्या कुडाआड बसून भाकर खाऊन राहिलो होतो. दोनदा पडला तू. एकदा तं वाटलं, उठून हात लावावा याले."

"मंग सांगितलं काऊन नाई लोकायले?"

"सांगून पाह्यलं. तं आमच्या घरचीच म्हणे, मारोतीले गोटा म्हणता, तोंड धुऊन या." तो हसायला लागला. "दोन वर्सं चिडलो. मंग हिनं दिवा लावनं सुरू केलं, तं पानी मी आनू लागलो. इचार केला, लबाड मानूस आसंल, पन शेंदूर तं खराच हाय. गोटा तुहा, पानी माहं. आता देव कोनाचा थे सांग."

 मी त्याला धुऱ्यातल्या चऱ्या दाखवल्या, तर तो कपाळाला हात लावून म्हणाला की हेच तो पहिल्या वर्षापासून खालून ओरडून सांगत होता. तो पाण्याबद्दल बोलत होता आणि मी त्याला जमिनीच्या शिव्या देत होतो. त्याच्याच आधारानं मी घरी आलो. दारात बायकोनं आम्हा दोघांना एकत्र पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "आता मंदिर बांधाच," ती म्हणाली.

मंदिर बांधलं नाही. ट्रकचं काय ते दोन दिवसांत देवरावनंच सोडवलं. त्याच्या वावराचा कोपरा पडीकच होता, तिथून गाडी सहज वळते. मी सवयीनं विचारलं, याचे काय घेशील, तर त्यानं अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. संत्र्यांच्या ओळींमध्ये मी उताराला आडव्या चऱ्या काढल्या, आणि पाणी आता धुऱ्यापाशी येऊन मुरतं. उघड्या पडलेल्या धुऱ्यावर आणखी हिवर हवे होते, पण बी रुजेना. तेव्हा देवरावच्या घरच्या वैनींनी बकऱ्यांच्या लेंड्यांची पाटी आणून माझ्यासमोर ठेवली. बकऱ्या हिवराच्या शेंगा खातात, आणि त्यांच्या पोटातून आलेलं बी लवकर फुटतं. "घ्या भाऊजी, मारोतीचा परसाद," त्या म्हणाल्या, आणि मी, ज्यानं कधी सडकं संत्रं हातात घेतलं नाही, ती पाटी डोक्यावरून नेली. आता धुऱ्यावर गुडघाभर उंचीचे बावीस हिवर आहेत. पाऊस सरत आला की मोठ्या हिवराला फिकट पिवळा मोहर येतो. बाकी रान तेव्हा फुलांनी रिकामं असतं, आणि मधमाश्या दिवसभर त्याच्यावर गुणगुणत असतात. सालीवरचे माझे दोन घाव भरून आलेत. त्यातून निघालेला डिंक वाळून शेंदरासारखा लाल दिसतो, आणि नव्यानं येणारे लोक त्यालाही हात लावून नमस्कार करतात.

माझा स्वभाव बदलला असं म्हणालो तर पांढुर्ण्याचा बाजार हसेल. भाव मी अजूनही सोडत नाही, आणि मारोतीला पाणी आधी कोणी घालायचं यावरून दर शनिवारी देवरावशी माझं भांडण होतं. फक्त हिवराखाली गेलो की तोंड बंद ठेवतो. जे मागायला गेलो होतो ते त्यानं दिलं नाही याचे आभार कसे मानावेत, तेही मला येत नाही, म्हणून नुसता बसतो. जमेल तेव्हा गाल मातीला लावतो. तिथून वावर खरं दिसतं.

अधूनमधून एखादा भाविक विचारतोच, "शेठ, मारोती सपनात आला होता म्हणतात, खरं काय?" मी आता खरं तेच सांगतो. स्वप्नात नव्हता आला. एकोणीस वर्षांनी, वैशाखातल्या भर दुपारी आला. हिरव्या काठाचा फाटका दुपट्टा होता, आणि हातात पाण्याचा गडवा.